ईराणचा रौप्य द्रम्म : छाप, कस आणि साख

श्वेतांबर परंपरेत पर्युषणाच्या दिवसांत कल्पसूत्राबरोबर कालकाचार्यांची कथा वाचण्याची रीत फार जुनी आहे. उज्जयिनीच्या गर्दभिल्ल राजाने साध्वी सरस्वतीचे हरण केले. तिचे बंधू कालकाचार्य न्याय मागून थकले आणि अखेर सिंधूपलीकडे शकांच्या मुलखात गेले. तेथील मांडलिकांना आपल्या प्राकृत कथाकारांनी ‘साही’ म्हटले आहे, आणि त्या सर्वांवरील अधिराजाला ‘साहाणुसाही’. कथा ऐकताना हा शब्द आपल्या कानावरून सहज निघून जातो. वस्तुतः तो प्राकृत वेष घेतलेला ईराणी शब्द आहे. ‘शाहान शाह’, म्हणजे राजांचा राजा, हा ईराणच्या सम्राटांचा किताब होय. हा किताब दूरदेशी पोहोचविण्याचे काम जितके दूतांनी केले, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, व्यापाऱ्यांच्या थैलीतील नाण्यांनी केले.

त्या नाण्यांची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. विषय परदेशचा व प्राचीन असला तरी तो आपल्या दुकानापासून फार दूर नाही. आपण रोज ज्याला ‘दाम’ म्हणतो, तो शब्द ‘द्रम्म’ या शब्दापासून आला. ‘द्रम्म’ हा ग्रीक ‘द्राख्मे’पासून आला, आणि ईराणात व अरबस्तानात त्याचाच ‘दिरहम’ झाला. शब्दांचे हे कूळ पाहिले की नाण्यांचे कूळ पाहण्याचीही इच्छा होते.

धनुर्धर राजा

ईराणच्या हखामनी घराण्यातील कुरुश राजाने इ. स. पू. 546 च्या सुमारास लिडियाचे राज्य जिंकले. हा प्रदेश आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात येतो. नाणी पाडण्याची कला तेथे आधीपासूनच होती. ईराणी राज्यकर्त्यांनी ती उचलली. दारयवहु पहिला याच्या कारकिर्दीत सोन्याचा ‘दारिक’ आणि रुप्याचा ‘सिग्लोस’ अशी दोन नाणी रूढ झाली. दारिकाचे वजन सुमारे 8.4 ग्रॅम होते. सिग्लोस सुमारे साडेपाच ग्रॅमचा, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ साडेपाच मासे होता. वीस सिग्लोसांचा एक दारिक असा भाव धरला जाई.

या नाण्यावर राजाचे नाव नाही, वर्ष नाही, एक अक्षरही नाही. दर्शनी बाजूस दातेरी मुकुट घातलेला, एक गुडघा वाकवून धावण्याच्या आविर्भावात असलेला राजा दिसतो. त्याच्या हाती धनुष्य असते आणि काही नाण्यांवर भालाही असतो. मागील बाजूस ठोकणीचा ओबडधोबड खड्डा एवढेच. हा विशिष्ट कोणी राजा नव्हे. प्रजेचे रक्षण करणारे राजपद तेथे कोरलेले आहे. ग्रीक लोक या नाण्यांना ‘धनुर्धर’च म्हणत. स्पार्टाचा राजा आगेसिलाउस इ. स. पू. 394 मध्ये आशियातील मोहीम अर्धवट सोडून परतला, कारण ईराणच्या पैशाने ग्रीसमध्ये त्याच्याविरुद्ध युद्ध पेटविले होते. सहस्रावधी धनुर्धरांनी आपल्याला आशियातून हाकलले, असे तो म्हणाला, ही आख्यायिका प्लुटार्कने नोंदविली आहे. शस्त्राला जे साधले नाही, ते नाण्यावरील चित्राने साधले!

येथे व्यापाऱ्याने लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. ही नाणी मुख्यतः साम्राज्याच्या पश्चिम टोकाला चालत. खुद्द ईराणात व पूर्वेकडील प्रांतांत रुपे तराजूत तोलूनच घेतले जाई. काबूलजवळ 1933 मध्ये सापडलेल्या ठेव्यात ग्रीक नाणी, ईराणी सिग्लोस आणि स्थानिक रुप्याचे तुकडे एकत्र मिळाले. तेथल्या व्यवहारी माणसाच्या लेखी ते सारे रुपेच होते. राजाचे चित्र पाहावे, पण तोलल्याशिवाय घेऊ नये, हा पूर्वेकडचा शिरस्ता इतका जुना आहे.

मुकुट आणि अग्नी

सिकंदराच्या स्वारीनंतर ईराणात ग्रीक धर्तीचा चार ग्रॅमांच्या आसपासचा द्राख्म रूढ झाला. पार्थियन राजांनी तोच पुढे चालविला. एका बाजूस राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस बसलेला धनुर्धर आणि भोवती ग्रीक अक्षरे, असे त्याचे रूप होते. ‘राजांचा राजा’ हा किताब याच नाण्यांवर ग्रीक भाषेत झळकू लागला.

परंतु ईराणी रौप्य मुद्रेला खरे वैभव आले ते ससानी घराण्याच्या काळात. इ. स. 224 मध्ये अर्दशीराने शेवटच्या पार्थियन सम्राटाचा पराभव केला आणि इ. स. 651 मध्ये यझ्दगर्द तिसरा मारला गेला. मधल्या सव्वाचारशे वर्षांत या घराण्याने पाडलेला द्रम्म पातळ, रुंद आणि डौलदार आहे. उत्तरकाळातील नाण्याचा व्यास तीन सेंटिमीटरांच्या घरात जातो.

त्याच्या दर्शनी बाजूस सम्राटाचा अर्धपुतळा असतो. चेहरे पुष्कळसे एकसारखे दिसतात, म्हणून राजा ओळखावयाचा तो मुकुटावरून. प्रत्येक सम्राटाचा मुकुट निराळा असे आणि त्यावरील चिन्हे त्याला प्रिय असलेल्या देवतेकडे बोट दाखवीत. बहराम पहिला याच्या मुकुटातून मिथ्र देवतेचे किरण निघतात. होर्मिझ्द दुसरा याचा मुकुट म्हणजे चोचीत मोती धरलेला पक्षी आहे. बहराम दुसरा याने आपल्याबरोबर राणी व राजपुत्र यांनाही नाण्यावर स्थान दिले. पेरोझ राजाचे तर तीन निरनिराळे मुकुट आढळतात. जाणत्या सराफाला त्या काळी अक्षर वाचता आले नाही, तरी मुकुट वाचता येत असला पाहिजे.

भोवती पहलवी लिपीत लेख असे. अर्दशीराच्या नाण्यावरील लेखाचा आशय असा : मझ्दाचा उपासक, स्वामी अर्दशीर, ईराणच्या राजांचा राजा, ज्याचे बीज देवांपासून आहे. राजा आणि धर्म यांची सांगड याहून थोडक्या शब्दांत घालता येणार नाही.

मागील बाजू अधिक विचार करण्यासारखी आहे. तेथे देवाची मूर्ती नाही. प्रज्वलित अग्नीची वेदी आहे. अर्दशीराच्या नाण्यावर वेदी सिंहासनाशी जोडून दाखविली आहे, आणि लेख आहे ‘अर्दशीराचा अग्नी’. शापूर पहिला याच्या नाण्यापासून वेदीच्या दोन बाजूंस दोन रक्षक उभे राहिले. पुढे काही नाण्यांवर तर ज्वाळेतच एक मुख उमटलेले दिसते. प्रत्येक सम्राट राज्यारोहणाच्या वेळी आपला अग्नी प्रस्थापित करी आणि त्या अग्नीपासून वर्षेही मोजली जात. बिशापूर येथील एका शिलालेखात अर्दशीराच्या अग्नीचे 40 वे वर्ष आणि शापूरच्या अग्नीचे 24 वे वर्ष अशी दुहेरी गणना दिलेली आहे. आपण नव्या वहीच्या पहिल्या पानावर संवत घालतो, तसाच हा प्रकार समजावा. गुजरातेतील उदवाडा येथे पारशी बंधूंचा जो पवित्र अग्नी 1742 पासून तेवत आहे, त्याला ते ‘ईरानशाह’ म्हणतात, आणि अशा अग्नीची स्थापना म्हणजे त्याला तख्तावर बसविणेच मानतात. अग्नीला राजा मानण्याची ती जुनी भावना समजली, म्हणजे नाण्यावरील वेदीला सिंहासन का जोडले होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

कस राखल्याची कीर्ती

चित्र कितीही पूज्य असले तरी केवळ चित्रावर साख उभी राहत नाही. ससानी द्रम्माची कीर्ती त्याच्या वजनावर व रुप्याच्या शुद्धतेवर उभी होती. चार शतके त्याचे वजन चार ग्रॅमांच्या वर, साधारणपणे सव्वाचार माशांच्या आसपास राहिले, आणि त्यातील रुपे एकंदरीने उत्तम प्रतीचे राहिले. याच्या उलट उदाहरण शेजारीच होते. रोमन सम्राटांनी सैन्याचा खर्च भागविण्यासाठी रौप्य नाण्यात तांबे मिसळण्याचा मार्ग धरला, आणि इ. स. 270 च्या सुमारास त्या नाण्यात शेकडा पाच भागही रुपे उरले नव्हते. सम्राटाचा चेहरा होता, किताब होता, वर रुप्याचा पातळ मुलामाही होता. पण बाजाराने भाव चढवून आपला निवाडा दिला.

ईराणी राजांनी आणखी एक व्यवस्था केली. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून नाण्यावर टांकसाळीचे संक्षिप्त चिन्ह नियमाने येऊ लागले, आणि कवाध पहिला याच्या काळापासून राज्यवर्षही नियमाने घातले जाऊ लागले. नाणे कोठे पडले आणि केव्हा पडले, हे त्यावरच लिहिलेले असले, म्हणजे खोट सापडल्यास जाब कोणाला विचारावयाचा हेही ठरते. आमच्या समजुतीने साखेचे हेच मूळ आहे.

या साखेमुळे हा द्रम्म ईराणबाहेर फार दूरवर चालला. चीनच्या सिंक्यांग प्रांतात डोंगराच्या एका कपारीत 1959 मध्ये 947 रौप्य नाणी व सोन्याच्या काही पट्ट्या सापडल्या. त्यांत ससानी नाणी होती व त्यांच्या धर्तीवर अरबांनी पाडलेलीही होती. संकटात सापडलेल्या एखाद्या प्रवासी व्यापाऱ्याने ती घाईने लपविली असावीत आणि तो परत आला नसावा.

त्याच प्रांतातील तुर्फान येथे इ. स. 639 चे सोग्दी भाषेतील एक खरेदीखत मिळाले आहे. त्यात किंमत 120 द्रम्म अशी लिहिली आहे, आणि ते द्रम्म ईराणात पाडलेले व अत्यंत शुद्ध असावेत, असे स्पष्ट नमूद केले आहे. विकलेली वस्तू मात्र कापड नव्हे, घोडा नव्हे. ती एक दासी होती. हे खत आमच्या वाचनात आले तेव्हा आमचे मन काही काळ त्याच जागी अडले. रुप्याच्या शुद्धतेविषयी इतकी काळजी घेणारे हात सौद्याच्या शुद्धतेविषयी मुके राहिले. नाण्याचा कस दगडावर लागतो. सौद्याचा कस लावणारा दगड माणसाच्या मनाबाहेर कोठेही मिळत नाही. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाचे गुण सांगताना न्यायाने मिळविलेल्या वैभवाला पहिले स्थान दिले, त्याचे मर्म या एका खतावरून ध्यानात येते.

पेरोझची छाप भारतात

ही छाप भारतात कशी आली, तो इतिहास एका पराभवाचा आहे. पेरोझ राजाने (इ. स. 459 ते 484) पूर्वेकडील हूणांशी युद्ध केले आणि तो त्यांच्या हाती सापडला. एका सिरियाई इतिवृत्तात असे सांगितले आहे की, सुटकेसाठी त्याने तीस खेचरे भरून द्रम्म देण्याचे कबूल केले. पण सारा खजिना झाडूनही जेमतेम वीस खेचरांचा भार जमला, आणि उरलेल्या दहांसाठी त्याला आपला मुलगा कवाध ओलीस ठेवावा लागला. पुढे इ. स. 484 मध्ये पेरोझ रणांगणातच पडला. खंडणीच्या रूपाने त्याचे रुपे हूणांच्या मुलखात अशा रीतीने वाहत गेले. लोकांना सवय झाली ती त्याच मुद्रेची. म्हणून हूणांनी आपली नाणी त्याच छापेवर पाडली, आणि ती छाप त्यांच्याबरोबर पंजाब, राजस्थान, माळवा व गुजरात येथवर आली.

पुढे काय झाले ते कोणत्याही नाणेसंग्रहात डोळ्यांनी पाहता येते. पहिल्या नकलांत राजाचे नाक, डोळा, मुकुटाचे पंख, वेदी आणि दोन रक्षक स्पष्ट ओळखू येतात. त्यानंतर प्रत्येक पिढीतील ठसेकाराने मूळ नाणे न पाहता आधीच्या नकलेची नक्कल केली. नाकाची एक रेघ झाली, डोळ्याचा ठिपका झाला, रक्षकांच्या ठिपक्यांच्या माळा झाल्या आणि वेदीच्या काही आडव्या-उभ्या रेषा उरल्या. ज्वाळेच्या बाजूंस असलेली चांदणी व चंद्रकोर तेवढी टिकून राहिली. नाणे आकाराने लहान व जाड होत गेले. त्यातील रुपेही कमी कमी होत गेले, आणि शेवटी शेवटी ते रुपे-तांब्याचे मिश्रणच राहिले. हेच ‘गधैया’ नाणे होय. ते साधारणपणे तेराव्या शतकापर्यंत पश्चिम भारतात चालत होते. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराज याच्या नावाची अक्षरे असलेली या जातीची नाणीही मिळाली आहेत. म्हणजे ईराणच्या अग्निवेदीचा शेवटचा ठिपका आपल्या कोकणापर्यंत येऊन पोहोचला होता.

‘गधैया’ हे नाव का पडले, याविषयी लोकांत दोन समजुती आहेत. बिघडलेला चेहरा गाढवासारखा दिसतो म्हणून, ही एक. दुसरी समजूत हे नाव गर्दभिल्लाशी जोडते, म्हणजे पुन्हा आपल्या कालककथेशी. परंतु ही नाणी त्या कथेच्या काळानंतर कित्येक शतकांनी पाडलेली आहेत, हे विसरून चालणार नाही. नामसाम्यावरून इतिहास रचू नये.

सर्वच राजांनी निव्वळ नकलेवर समाधान मानले, असेही नाही. कनोजच्या प्रतीहार भोजाने (सुमारे इ. स. 836 ते 885) दर्शनी बाजूस ईराणी मस्तकाच्या जागी विष्णूचा वराहावतार बसविला व मागील बाजूस ‘श्रीमदादिवराह’ ही अक्षरे घातली, त्या अक्षरांखाली अग्निवेदीच्या खुणा तरीही शिल्लक राहिल्या. ललितपूरजवळील सियडोणीच्या शिलालेखात दहाव्या शतकातील व्यापाऱ्यांनी देवालयांना दिलेल्या देणग्या नोंदल्या आहेत. तेथे आदिवराह द्रम्म, विग्रहपाल द्रम्म असा प्रत्येक द्रम्माचा प्रकार नावानिशी सांगितला आहे. नुसते ‘द्रम्म’ लिहून भागत नव्हते, हे उघड आहे.

छाप आणि परीक्षक

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ इतिहासाचा नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे खोटी मापे-वजने, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे खऱ्याच्या जागी तसेच दिसणारे हिणकस चालविणे, हे दोन आहेत. मग पेरोझच्या मुखाचे पण उण्या रुप्याचे गधैया नाणे चालविणारे आपले पूर्वज दोषी होते काय?

आमच्या मते निर्णय असा करावा. छापेची नक्कल हा स्वतःच दोष नव्हे. ज्या नाण्यात रुपे किती हे देणारा व घेणारा दोघेही जाणतात आणि त्याप्रमाणे भाव ठरवितात, ते उण्या कसाचे असले तरी त्याचा व्यवहार सरळ आहे. छाप एक बोलते, धातू दुसरे बोलते, आणि हे अंतर एकालाच ठाऊक असते, तेथे प्रतिरूपकव्यवहार सुरू होतो. म्हणूनच त्या शतकांत धर्माचे ओझे परीक्षकाच्या खांद्यावर येऊन पडले.

आपल्या परंपरेने ते ओझे टाळले नाही, याची साक्ष ग्रंथांत आहे. बृहत्कल्पभाष्यात निरनिराळ्या प्रदेशांतील नाण्यांचे परस्परांशी दर दिले आहेत. त्या ग्रंथाच्या टीकेत तांब्याच्या नाण्याचे उदाहरण म्हणून दक्षिणापथातील काकिणी, रुप्याच्या नाण्याचे म्हणून भिल्लमाळचा द्रम्म आणि सोन्याच्या नाण्याचे म्हणून पूर्वदेशातील दीनार सांगितला आहे. भिल्लमाळ म्हणजे श्रीमाळ. श्रीमाळी घराणी आपले मूळ जेथे शोधतात, तेच हे नगर. गुजरातेतील ‘लेखपद्धति’ या दस्तऐवजांच्या नमुनासंग्रहात श्रीमाळच्या टांकसाळीत पाडलेल्या व बाजारात चालणाऱ्या द्रम्मांना ‘त्रिःपरीक्षित’ असे विशेषण लावले आहे. तीन वेळा पारखलेले! तुर्फानच्या खतातील ‘अत्यंत शुद्ध’ आणि श्रीमाळच्या खतातील ‘त्रिःपरीक्षित’ यांत शेकडो कोसांचे व कित्येक शतकांचे अंतर आहे. पण व्यापाऱ्याच्या मनातील काळजी एकच आहे.

या परंपरेचे शिखर म्हणजे ठक्कुर फेरू हा श्रीमाळ जैन गृहस्थ. दिल्लीच्या सुलतानांच्या पदरी त्याने काम केले आणि टांकसाळीतील प्रत्यक्ष अनुभवावर 1318 मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. रुपे व सोने कसे शुद्ध करावे, मिश्रणातील कस कसा काढावा, हे सांगून तो गुजरात, माळवा, देवगिरी इत्यादी ठिकाणच्या मुद्रांचे वजन व त्यांतील धातू यांचे कोष्टक देतो. हे ज्ञान त्याने गुपित म्हणून राखले नाही. आपला भाऊ व मुलगा यांच्यासाठी लिहून ठेवले. या ग्रंथाचे हस्तलिखित कलकत्त्यात अगरचंद व भंवरलाल नाहटा यांच्या दृष्टीस पडले व 1961 मध्ये ते जोधपूरहून प्रसिद्ध झाले. सहा शतके पोथीत झाकलेले परीक्षकाचे हे बोल पुन्हा उजेडात आले, हे आपले भाग्य.

ईराणात मात्र त्या छापेचा शेवट निराळा झाला. अरबांनी ईराण जिंकल्यावर सुमारे अर्धशतक खुस्रो दुसरा याची मुद्रा व अग्निवेदी तशीच ठेवली आणि काठावर अल्लाच्या नावाची अरबी अक्षरे घातली. लोकांची सवय मोडणे नव्या राज्यकर्त्यांनाही सोपे वाटले नाही. अखेर खलिफा अब्द अल-मलिक याने इ. स. 698 च्या सुमारास सर्व चित्रे काढून केवळ अक्षरांचा, तीन ग्रॅमांहून किंचित कमी वजनाचा दिरहम पाडला. जुन्या रुंद द्रम्मांच्या कडा कातरून त्यांना नव्या वजनात बसविण्यात आले. राजाचे मुख गेले, अग्नी गेला. रुपे आणि तराजू मात्र राहिले.

आपल्या भाषेत ‘नावाला बट्टा लागणे’ असे आपण म्हणतो. बट्टा म्हणजे उण्या कसाच्या नाण्यावर सराफ कापून घेत असे ती रक्कम. पेढीचे नाव हीही एक छापच आहे. आजोबांनी ती उमटविली असेल, वडिलांनी चालविली असेल. आपण तिची केवळ नक्कल करीत राहिलो, तर नाकाची रेघ आणि डोळ्याचा ठिपका व्हावयास फार पिढ्या लागत नाहीत. प्रत्येक पिढीने मूळ रुप्याशी आपला कस पुन्हा लावून पाहावा. सव्वाचार माशांच्या त्या ईराणी द्रम्मापासून आपण घ्यावयाचा बोध आम्हांस तरी एवढाच दिसतो.